जादा झालेला सूर्य

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तुमसर रोड ते गोंदिया या मार्गावर सूर्य प्रमाणाबाहेर झाला असून सिग्नल, नदी, झाडे व खुद्द आकाश असे सर्व काही धुऊन पांढरे पडले आहे. योग्य ती दुरुस्ती होईपर्यंत या मार्गावरील सर्व गाड्या रद्द. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल खेद आहे.

ही घोषणा रेल्वेने केलेली नाही. माझ्या फोटो स्टुडिओच्या दारात उभं राहून, छाती पुढे काढून, ती आमच्या घरमालकांनी केली. त्या वेळी माझ्यासमोर स्टुलावर एक उपवर मुलगी बसली होती. हनुवटी खाली, नजर किंचित वर, असं करत करत मी तिला लाजण्याच्या नेमक्या जागी आणून ठेवलं होतं. घोषणा ऐकली आणि ती तोंडाला पदर न लावता खळखळून हसली. कॅमेऱ्याच्या बटणावर माझं बोट दाबलं गेलं. तिचं लग्न त्याच फोटोवर जमलं. श्रेय घरमालक शेवटपर्यंत स्वतःकडे घेत आले.

हे देव्हाडीचं. नकाशात देव्हाडी, स्टेशनच्या पाटीवर तुमसर रोड. घरमालक मालगाडीचे निवृत्त ड्रायव्हर. रेल्वेने त्यांच्या हुद्द्याचं नाव बदलून पायलट केलं, ते त्यांना मान्य नव्हतं. "पायलट आकाशात असते. मी रुळावर होतो," असं म्हणून ते विषय मिटवत. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा गावातली माणसं कचेऱ्या कुठे जाणार याची चर्चा करत होती, हे मात्र छाती ठोकून सांगत होते, "जिल्हा फुटला, रूळ नाही फुटला. सकाळी जाऊन पाहून आलो." खरोखरच जाऊन पाहून आले होते.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे माझा स्टुडिओ, आणि मधल्या दारापलीकडे त्यांचा संसार. म्हणजे ते, काकू आणि रोज हक्काने चहाला येणारे निवृत्त गार्डबाबू. दोघंही आता नाहीत, काकाजी, म्हणजे घरमालक, आणि काकू. त्यामुळे मला हे सगळं मीठमसाला लावून सांगायची पूर्ण मोकळीक आहे, आणि नेमकं म्हणूनच ते पूर्वीसारखं रंगत नाही.

काकाजींची मुख्य सवय म्हणजे रंग पुकारणं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंटने मोठ्याने रंग म्हणायचा आणि ड्रायव्हरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तोच रंग परत म्हणायचा. न पाहता परत म्हणणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी माणसांत जमा नव्हता. "कान असिस्टंटकडे, डोळे आपले," हे त्यांचं वाक्य. निवृत्तीनंतर इंजिन सुटलं, पुकारणं सुटलं नाही. ताटात वाटाण्याची उसळ आली की "हिरवा!" वरण आलं की "पिवळा!" आणि तिखटजाळ रस्सा आला की हात आडवा करून "लाल! गाडी खडी!" विहारात पौर्णिमेला वंदना चालू असताना कुणाचा तरी पिवळा शर्ट समोरून गेला आणि यांच्या तोंडून शब्द निघाला, तेव्हा काकूंनी कोपर मारलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आयुष्यात लाल सिग्नल ओलांडला नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता की लोक निवृत्तीचा सत्कार सांगतात तसं ते हे सांगत. ड्रायव्हरने लाल ओलांडणं यापेक्षा काळं काही नाही. एकदा एका असिस्टंटने धुक्यात पिवळ्याला हिरवा म्हटलं. काही झालं नाही, गाडी नीट गेली. पण दुसऱ्या दिवशी त्याला पाहून काकाजी म्हणाले, "तू चांगला पोरगा हायस. पण माझ्या इंजिनात नको." ही गोष्ट काकूंना पाठ होती. पुढे ती उपयोगी पडणार होती, असल्या गोष्टी पडू नयेत अशा रीतीने.

गार्डबाबूंचं आणि त्यांचं भांडण म्हणजे गाडीच्या दोन टोकांचं भांडण. एक पुढे, एक मागे, मध्ये चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज. नोकरीत वर्षानुवर्षं दोघं एकमेकांशी फक्त झेंडीने बोलले. गाडी सुटली की गार्डने मागून हिरवी झेंडी दाखवायची, ड्रायव्हरने पुढून. म्हणजे दोन्हीकडे ऑल राइट. एकदा कोका स्टेशनात शेवटच्या वाघिणीची, म्हणजे मालडब्याची, साखळी लोंबकळताना दिसली म्हणून गार्डबाबूंनी ऑल राइट दिलं नाही आणि गाडी भर उन्हात तटून राहिली. काकाजी त्यावरून पुढची सगळी वर्षं धुसफुसत होते.

"एका साखळीसाठी बे! एका साखळीसाठी मले भाजलं या शेपटानं!"

"मी ऑल राइट म्हनतो तवा ऑल राइट असते," गार्डबाबू चहा फुंकत म्हणत. "नसलं तं तोंडात दात असूनही म्हनत नाही."

आता सूर्याकडे येऊ.

काकूंचे डोळे जाऊन राहिले होते. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस टिकेल ते औषधावर. कडेचं सगळं गेलं होतं. मधोमध, नळीतून पाहावं तसं, थोडं शिल्लक होतं. काकूंनी रडारड केली नाही. त्या म्हणाल्या, "आता जेवढं हाय तेवढ्यात काय पाहाचं ते ठरवून घ्या जी."

काकाजींनी तीर्थस्थळं सुचवली, लेकीचं भिलाई सुचवलं. काकूंनी मान हलवली. त्यांना माडगीचा पूल पाहायचा होता.

माडगीचा पूल म्हणजे देव्हाडीच्या पुढे वैनगंगेवरचा रेल्वेपूल. घरापासून इतका जवळ की वारा असला तर गाडीचा खडखडाट ऐकू यायचा. काकूंनी तो शेकडो वेळा ओलांडला होता. पण डब्याच्या खिडकीतून पुलाचे लोखंडी खांबच सटासट मागे जाताना दिसतात, पूल दिसत नाही. पूल दिसतो इंजिनातून. सकाळी गोंदियाकडे निघालं की सूर्य अगदी समोर, नदीवर उभा असतो, आणि रूळ पेटल्यासारखे त्याच्यात शिरतात. हे काकाजींनी लग्नापासून इतक्या वेळा सांगितलं होतं की काकूंच्या मनात पूल आधीच बांधून झाला होता. पाहायचा राहिला होता. इंजिनात बायकोला नेता येत नाही, आणि नियम मोडायचा, तोही काकाजींनी? शक्यच नाही!

इथे माझा प्रवेश. लेकीने जुना कॉम्प्युटर पाठवला होता. त्यावर मी आगगाडी चालवायचा खेळ टाकून दिला. कुण्या हौशी माणसाने त्यात आपली लाइन बनवून ठेवली होती, तुमसर रोड, माडगीचा पूल, मुंडीकोटा, तिरोडा, पार गोंदियापर्यंत. काकाजींनी स्टेशनची पाटी पाहिली आणि खुर्चीत सरळ बसले. मग पहिला सिग्नल आला आणि ते म्हणाले, "हा कोन्ता रंग व्हय?"

खरंच कळत नव्हतं. खेळातला उजेड भयंकर होता. आकाश दुधासारखं, नदी चुन्याच्या पाण्यासारखी, आणि सिग्नलचे तिन्ही रंग एकाच धुण्यात निघालेले. काठावर, बाय द वे, देवदाराची झाडं होती. वैनगंगेला देवदार! पण त्याबद्दल काकाजी काही बोलले नाहीत. काकू स्क्रीनला नाक लावून पाहत होत्या. त्यांनी डोळे चोळले आणि खाली बसल्या.

"मले नुसतं पांढरं दिसून राहिलं जी. माझ्याच डोळ्याचं असंन."

"नाही वो," काकाजी म्हणाले. "मलेही पांढरंच दिसते. सूर्यच जादा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात ती घोषणा झाली.

त्यानंतर सूर्य कमी करण्याच्या मोहिमा निघाल्या. पहिल्या मोहिमेत काकाजींनी मला न विचारता स्क्रीनवर काळी फिल्म लावली, मोटारीच्या काचेला लावतात ती. रात्र झाली. दुसऱ्या मोहिमेत त्यांना ग्रहण आठवलं. सूर्यग्रहण आपण एक्स-रेमधून पाहतो, तर हा सूर्य का नाही? कपाटातून छातीचा एक्स-रे निघाला, स्क्रीनवर चिकटला, आणि तुमसर रोडहून सुटलेली मालगाडी थेट काकाजींच्या बरगड्यांत शिरली.

गार्डबाबूंनी चहाचा कप खाली ठेवला. "ड्रायव्हर, तुझ्या फुप्फुसात गाडी घुसली बे! अन् माह्या डब्यासकट!"

काकू हसता हसता खोकू लागल्या. त्या घरात डॉक्टरांनंतरचं ते पहिलं हसणं होतं, म्हणून मी एक्स-रे लगेच काढला नाही.

मग मी बसलो. फोटो पांढरा पडणं हा आमचा धंद्यातला रोजचा वैरी. पण फोटोग्राफर आयुष्यभर कॅमेऱ्याचं छिद्र लहान-मोठं करतो, सूर्याला हात लावायची संधी त्याला कुणी देत नाही. मला मिळाली. खेळाच्या एका फाइलमध्ये सूर्याचा जोर लिहिलेला होता, साधा आकडा. तो मी उतरवला. प्रत्येक चकचकीत वस्तूभोवती खेळ उगाच तेजाचं वलय काढत होता, ते बंद केलं. भर दुपारची वेळ काढून सकाळ ठेवली. स्क्रीनचा उजेड आणि रंगांतला फरक हाताने जुळवला. पण कुणाच्या डोळ्यांना पटेल असा? मी माझ्या डोळ्यांनी जुळवायला गेलो तर काकाजींनी हात धरला.

"तुह्या डोळ्यानं नाही. तिच्या."

म्हणून आम्ही चष्मेवाल्यासारखे विचारत बसलो. काकू, आता? आता बरं का आधीचं बरं? आता सिग्नल दिसते? काकू म्हणत, "अजून. अजून थोडा." माझ्या हिशेबाने स्क्रीनवर संध्याकाळ झाली होती. आणखी उतरवलं. अचानक काकूंचा हात वर गेला.

"थांबा. हे... हे नदी व्हय?"

गाडी पुलावर चढली. मला अंधुक दिसत होतं, पण त्यांना दिसत होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. सूर्य समोर होता, गोल, चांगला तांबडा. रूळ त्याच्यात शिरत होते. काकूंनी श्वास घेतला तो पूल संपेपर्यंत सोडलाच नाही. मग नवऱ्याकडे वळल्या.

"एवढं सगळं रोज पाहून येत होते, अन् घरी येऊन म्हनत होते का थकलो?"

काकाजी छताकडे पाहायला लागले. "थकतच होतो," ते म्हणाले. मग गाडी पुन्हा तुमसर रोडला लावत, "परत नेतो." त्या सकाळी आम्ही वैनगंगा किती वेळा ओलांडली याचा हिशेब नाही. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी येऊन, वाट पाहून, शेवटी आत येऊन बसलं आणि तेही पूल ओलांडून गेलं.

त्या दिवसापासून काकू असिस्टंट झाल्या. काकाजी दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारेनात. "असिस्टंट, चहा घेता का?" सकाळची कामं उरकली की काकाजी निळा शर्ट घालून डाव्या खुर्चीत, काकू त्यांच्या बाजूला, आणि मागे पलंगावर गार्डबाबू. गार्डबाबूंची मोठी तक्रार होती की या खेळात गार्डच नाही. "गार्डाबिगर गाडी सुटलीच कशी?" मग ते खिशातून हिरवा रुमाल काढून स्वतःच गार्ड झाले. प्रत्येक स्टेशनावर रुमाल हलायचा आणि "ऑल राइट" यायचं. गाडीत काही खोट दिसली तर यायचं नाही. एकदा काकाजींनी ब्रेक न सोडताच गाडी काढली तर गार्डबाबू तोंड मिटून बसले ते बसलेच.

काकू पुकारायला लागल्या. "हिरवा!" त्यांचा आवाज बारीक, पण ठाम. काकाजी पाहून परत म्हणत, "हिरवा!" सिग्नल नसेल तेव्हाही काकूंचं काही ना काही चालू असे. "हळू घ्या जी, खाली मासे धरनारे असतीन." "ते पाहा, तिरोडा आलं, माह्या मावशीचं गाव." आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी अट घातली होती, हसत, पण घातली होती: "हे पाहा. ज्या दिवशी मी चुकीचा रंग म्हनीन, त्या दिवशी मले उतरवा. त्या पोराले उतरवलं तसं. बायको हाय म्हनून ठेवाचं नाही."

"ठेवीन कायले?" काकाजी म्हणाले. "नियम तो नियम."

डोळे थांबले नाहीत. काकाजी अधूनमधून स्टुडिओत यायचे. आता घोषणा नसायची. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "थोडा उतरव." मी सूर्य उतरवायचो. मग काही दिवसांनी, "थोडा चढव." मी चढवायचो. वर्षभर मी त्या सूर्याला पतंगासारखा ढील देत आणि ओढत राहिलो. काकू म्हणायच्या, "आज बरा हाय." नंतर म्हणायच्या, "बरा हाय," त्यातलं ‘आज’ गळलं. आणि एक दिवस काकाजींनी उजेडाबद्दल बोलणंच बंद केलं. मला वाटलं, जमला शेवटी.

एका दुपारी, गार्डबाबू घरी गेल्यावर, मी कात्री मागायला आत गेलो. गाडी चालू होती, म्हणजे आवाज चालू होता, रुळांचा खडखडाट, भोंगा. स्क्रीन मात्र काळी. मागची वायर निघाली होती. काकाजी काळ्या स्क्रीनसमोर हात ठेवून बसले होते आणि शेजारी काकू, पाठ सरळ, चेहरा अगदी समोर. पुलाचा पोकळ आवाज सुरू झाला, संपला, आणि काकू म्हणाल्या, "हिरवा!"

मी तोंड उघडणार तोच काकाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हिरवा," ते म्हणाले.

काकूंनी सगळी लाइन कानाने पाठ केली होती. पूल संपला की हिरवा, स्टेशनचे सांधे वाजले की पिवळा, मुंडीकोट्याच्या फाटकाची घंटा वाजली की परत हिरवा. खेळ रोज तेच दाखवत होता, म्हणून त्या रोज बरोबर होत्या. खुर्चीत बसायला मिळावं, नवऱ्याच्या शेजारी, इंजिनात, एवढ्यासाठी त्यांनी केवढी मोठी चोरी चालवली होती! आणि ड्रायव्हरला ती ठाऊक होती, कधीपासून ते त्यालाच माहीत. मी वायर लावली नाही. कात्रीही न घेता परत आलो आणि त्या दिवशी एका माणसाचे फोटो दाताने... नाही, ते सांगायला नको. फोटो बिघडले एवढंच.

गार्डबाबूंना आम्ही सांगितलं नाही. त्या माणसाला सांगून काय करायचं? साखळी लोंबत असेल तर तो लोंबते म्हणणारा.

शेवटचं सांगतो. हिवाळा होता, सकाळची वेळ, खिडकीतून कोवळं ऊन आत आलेलं. स्क्रीन नीट चालू होती. मीही मागे उभा होतो. विहारातल्या कार्यक्रमाचे फोटो काकूंना द्यायला आलो होतो. द्यायला, दाखवायला नाही, हे दारातच लक्षात आलं आणि पाकीट पाठीमागे धरून उभा राहिलो. काकू त्या दिवशी छान दिसत होत्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर. तुमसर रोड सुटलं, रुमाल हलला, ऑल राइट झालं. पूल आला. सूर्य जागच्या जागी होता, मी ठेवला तसा. लोखंडाचा पोकळ आवाज खोलीभर झाला.

पूल संपता संपता मला सिग्नल दिसला. खेळाने त्या दिवशी स्वतःच्या मर्जीने पुढच्या रुळावर एक मालगाडी आणून उभी केली होती. कधी नव्हे तो सिग्नल लाल होता. इतका लाल, इतका स्वच्छ, की आम्ही सगळ्यांनी मिळून ज्या उजेडासाठी जिवाचं रान केलं, त्या उजेडाने त्या क्षणी आपलं काम चोख बजावलं होतं.

पुलाचा आवाज थांबला.

"हिरवा!" काकू म्हणाल्या.

काकाजींचं बोट ब्रेकच्या बटणावर गेलं. मी ते पाहिलं. नुसतं दाबायचं होतं. गाडी थांबली असती, आणि काकूंनी विचारलं असतं काहून थांबली, आणि मग काय सांगायचं? मग त्या उठल्या असत्या. पदर सारखा करून, भिंतीला हात लावत, स्वतःच उतरल्या असत्या. नियम तो नियम.

गार्डबाबू मागे पलंगावरून अर्धे उठले होते. त्यांना लाल दिसत होता, आणि काकूंनी काय म्हटलं तेही त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी एकदा काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा त्या न हलणाऱ्या डोळ्यांकडे. एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

काकाजींनी ब्रेकवरचं बोट उचललं.

"हिरवा," ते म्हणाले.

मालगाड्यांच्या त्या ड्रायव्हरने लाल ओलांडला. खेळ कर्कश भोंगा वाजवून किंचाळला, चाकं करकरली, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत फेरी संपल्याची सूचना आली आणि सगळं बंद पडलं. बाहेर खरी गाडी कुठेतरी दूर शिटी देत होती.

काकूंनी मान वळवली, आवाजाच्या दिशेने. "काय झालं जी? काहून थांबली? मी बरोबर म्हनलं ना?"

काकाजी मागे गार्डबाबूंकडे वळले. आणि मी, गावभर बोलण्यासाठी ओळखला जाणारा मी, हातातलं पाकीट घट्ट धरून उभा होतो.

गार्डबाबू उठले. खिशातून हिरवा रुमाल काढला, झटकला, आणि ज्या बाईला तो दिसणार नव्हता तिच्यासमोर हात पूर्ण उंच करून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, पार स्टेशनापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले,

"ऑल राइट!"